शब्बाथ शाळेचा बालवर्ग: सहा ते आठ वर्षांच्या मुलांना काय आणि किती शिकवावे

प्रश्न इंदूरमधील एका मराठी ख्रिस्ती मंडळीतून (चर्चमधून) आला आहे. विचारणाऱ्या ताईंकडे या जूनपासून शब्बाथ शाळेचा, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शाळेचा, बालवर्ग आला आहे: सहा ते आठ वर्षांची चौदा मुले, आणि रविवारी उपासना चालू असताना मागच्या खोलीत मिळणारा पाऊण तास. मुले एका जागी बसत नाहीत, त्यांचे मराठी कच्चे आहे, वचन पाठ करणाऱ्याला चॉकलेट देण्याची जुनी पद्धत असल्यामुळे दर आठवड्याला कोणीतरी रडत घरी जाते, आणि वर्षभरात बावन्न धडे पूर्ण व्हावेत अशी मंडळीची अपेक्षा आहे. हे सारे कसे सांभाळावे, असे त्यांनी विचारले आहे. मी याच शहरात सत्तावीस वर्षे हा वर्ग घेतला आणि आठवड्याचे बाकीचे दिवस पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवले, त्या आधारावर उत्तर देत आहे.

ताई, पहिली गोष्ट बावन्न धड्यांची. पाळकसाहेबांशी आणि पंचमंडळाशी बोलून तो आकडा आधी खाली आणा. मी वर्षाला पंधरा-सोळा गोष्टींपेक्षा जास्त घेत नसे आणि प्रत्येक गोष्ट सलग तीन रविवार चालवत असे. पहिल्या रविवारी मूल गोष्ट ऐकते. दुसऱ्या रविवारी ते ती ओळखते, आणि पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे या आनंदात मध्येच ओरडून सांगते. तिसऱ्या रविवारी ती त्याची झालेली असते. तुम्ही एखादा तपशील गाळलात तर ते तुम्हाला थांबवते आणि दुरुस्त करते. ही दुरुस्ती ऐकू आली की काम झाले असे समजावे. दर रविवारी नवी गोष्ट घेतली तर या तीन पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी वर्षातून बावन्न वेळा चढली जाते आणि मूल वर पोहोचत नाही. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयाची गोष्ट तिसऱ्यांदा घेतली की पालक विचारतील, ‘पुन्हा जक्कयच का?’ त्यांना सांगा, की रात्री झोपताना हेच मूल आजीकडे एकच गोष्ट महिनाभर मागते, तेव्हा आपण तिला नवी गोष्ट सांगण्याचा आग्रह करत नाही.

आता भाषेचा प्रश्न, कारण माझ्या मते इंदूरच्या मराठी मंडळीत खरी अडचण तीच आहे आणि ती बेशिस्तीच्या रूपाने पुढे येते. आपली मुले घरी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी बोलतात आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने ती पवित्र शास्त्र (बायबल) वाचू शकतात, आणि वाचता येते म्हणजे कळते अशी आपली समजूत होते. एकदा मी जक्कयाची गोष्ट वाचून दाखवली. येशू झाडाखाली थांबून म्हणतो, जक्कया, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. एक सात वर्षांचा मुलगा फार विचारात पडलेला दिसला. त्याने शेवटी विचारले, ‘टीचर, खाली कोण होतं? झाड खाली होतं का?’ त्याच्या कानात हिंदीतला ‘खाली’ शिरला होता, म्हणजे रिकामा. आणि जो माणूस जमिनीवरच उभा आहे त्याला कोणाच्या घरी ‘उतरायचे’ कसे असेल, हेही त्याला उमगले नव्हते. त्या दिवसापासून मी अशा शब्दांची वही ठेवली. ‘देवाने त्यांना शिक्षा केली’ हे वाक्य हिंदी शाळेतल्या मुलाला ‘देवाने त्यांना शिक्षण दिले’ असे ऐकू येते. ‘राग आला’ म्हटले की गाणे शिकणारी मुलगी पेटीकडे पाहते. ‘काइनाने हाबेलाचा खून केला’ यातला खून म्हणजे तिला रक्त वाटते. सैनिकांनी येशूची चेष्टा केली, यातली चेष्टा हिंदीत प्रयत्न ठरते. ‘संसार’ हा शब्द आपल्याला घरापर्यंत नेतो आणि त्यांना जगापर्यंत.

यावर उपाय हिंदीत शिकवण्याचा नाही. वर्गाच्या आदल्या रात्री गोष्ट मुलांच्या हिंदी कानाने एकदा वाचावी, असे दोन-तीन शब्द हेरावेत आणि गोष्ट सुरू करण्यापूर्वी ते खेळातून मोकळे करावेत. ‘खाली’ साठी मी मुलांना उभे करून ‘वर, खाली, वर, खाली’ करायला लावत असे. दोन मिनिटांत तो शब्द अंगात जातो. मुलाने उत्तर हिंदीत दिले तर ते स्वीकारावे, आपण तेच मराठीत पुन्हा म्हणावे आणि पुढे जावे. त्याला सुधारून पुन्हा म्हणायला लावले की ते पुढच्या वेळी बोलतच नाही. रविवारच्या शाळेचा इतिहास पाहिला तर भाषा हे तिचे मूळचेच काम आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी जी शाळा सुरू केली, ती आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी होती आणि तिथे शास्त्र हेच वाचायला शिकण्याचे पुस्तक होते. आणि इथल्या मराठी घरांतील आजच्या मुलाला आपली भाषा छापील रूपात भेटण्याची जागा पुष्कळदा हा पाऊण तासच असतो. म्हणून मी वर्गाला वाचनाची सक्ती न करता, फळ्यावर गोष्टीतले एकच मराठी वाक्य मोठ्या अक्षरात लिहीत असे आणि ते तीनही रविवार तसेच राहू देत असे. ओळीने एकेकाला वाचायला उभे करू नका. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला रविवारी मंडळीतही ते सिद्ध करावे लागू नये.

गोष्ट सांगण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. पुस्तक हातात धरून वाचू नका. ते मांडीवर उघडे ठेवा, म्हणजे ही गोष्ट तिथून आली आहे हे मुलांना दिसेल, आणि तोंडाने सांगा. दहा-बारा मिनिटांपेक्षा लांबवू नका. जे डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, हाताला लागते तेवढेच सांगा. जक्कय हा मुख्य जकातदार होता, हे वाक्य सात वर्षांच्या मुलाला काही दाखवत नाही. तो ठेंगणा होता, पुढे मोठ्या माणसांच्या पाठी होत्या आणि त्याला काहीच दिसत नव्हते, हे मात्र इंदूरच्या राजवाडा चौकात बाबांच्या हाताला धरून गर्दीत उभ्या राहिलेल्या प्रत्येक मुलाला दिसते. मी एकदा उंबराची फळांनी लगडलेली छोटी फांदी वर्गात नेली. मराठी शास्त्रात जक्कयाचे झाड उंबर म्हटले आहे, आणि ते भाषांतर डोळस आहे. मूळ कथेतले झाड आपल्या उंबराचेच भावंड, त्याच कुळातले, खोडालाच फळांचे घोस येणारे. आपल्या मुलांना ते ‘गूलर’ म्हणून माहीत असते. एका मुलीने फळ फोडले, आतून बारीक चिलटे बाहेर आली, सगळी मुले त्यावर वाकली आणि काही वेळ खोलीत चक्क शांतता होती. मग एकाने हळूच विचारले, ‘जक्कय फांदीवर बसला तेव्हा त्याच्या कपड्यांना हे सगळं लागलं असेल ना? इतका श्रीमंत माणूस?’ तो प्रश्न मला कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडला नसता. श्रीमंत, मानाचा माणूस चारचौघांसमोर झाडावर चढतो, कपडे खराब होऊ देतो, यात त्याची ओढ किती होती हे त्या मुलाने स्वतःच शोधले.

आणि इथेच आपल्या हातून सर्वांत मोठी चूक होते. मुलाने असे काही शोधले की आपण घाईघाईने त्यावर शिक्का मारतो: ‘म्हणून मुलांनो, आपणही...’ इसापनीतीच्या शेवटी तात्पर्य असते, ती सवय आपण शुभवर्तमानालाही लावतो. जक्कय म्हणजे खोटे बोलू नये, शमुवेल म्हणजे आईचे ऐकावे, पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत येशूने हजारोंना जेवू घातले ती भाकरी-मासळीची गोष्ट म्हणजे डबा वाटून खावा. वर्ष-दोन वर्षांत मूल शिकते की प्रत्येक गोष्टीच्या शेवटी आपल्याला काहीतरी करायला सांगितले जाणार आहे, आणि ते शेवट जवळ आला की कान बंद करते. या वयाचे मूल गोष्टीतून सूत्र काढून दुसऱ्या प्रसंगाला लावत नाही, ती क्षमता पुढे येते; पण ते गोष्टीत राहू शकते, आणि तिथे राहून त्याला जे कळते ते आपल्या सूत्रापेक्षा खोल असते. म्हणून गोष्ट संपली की मी दोनच प्रश्न विचारत असे: तुला यातले काय सर्वांत आवडले, आणि तू यात कुठे उभा असतास? उत्तर चूक की बरोबर हे सांगत नसे. भाकरी-मासळीच्या गोष्टीनंतर एक मुलगा म्हणाला, ‘मी टोपल्या भरणाऱ्यांत.’ का, तर येशूने काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करायला लावले, आणि आपल्या घरी ओला-सुका कचरा वेगळा करायचे काम त्याच्याकडे आहे. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात पहिल्या आलेल्या शहरातल्या मुलाला योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातले ते वाक्य सर्वांत आधी ऐकू आले. चमत्काराविषयी त्याला तेव्हाच काही समजावले पाहिजे, असे मला वाटले नाही. पाच भाकरी, दोन मासळ्या आणि बारा टोपल्या हे त्याच्या डोक्यात पक्के होते. विचार करायला पुढे आयुष्य आहे.

शमुवेलाची गोष्ट शिक्षकाने स्वतःसाठी अधूनमधून वाचावी असे मला वाटते. रात्री हाक ऐकून तो मुलगा तीनदा म्हाताऱ्या एली याजकाकडे धावतो. देवाच्या घरातच राहणाऱ्या त्या मुलाला परमेश्वराची ओळख अजून झाली नव्हती, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. हाक परमेश्वराची आहे हे एलीच्या लक्षात येते. तो त्याला काय बोलावे ते एका वाक्यात सांगतो आणि पुन्हा निजायला पाठवतो. तो त्याच्याबरोबर जात नाही, आणि त्याच्या वतीने ऐकतही नाही.

काही गोष्टी या वयात सांगूच नयेत. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, देवाला बळी द्यायला निघतो ती गोष्ट मी नऊ वर्षांखाली कधी सांगितली नाही, कारण मूल अब्राहामाच्या श्रद्धेकडे न पाहता बापाच्या हातातल्या सुरीकडे पाहते. वधस्तंभाची, म्हणजे येशूला क्रुसावर खिळल्याची, गोष्ट सांगावी, पण जखमांचे वर्णन न करता, आणि शुक्रवारची गोष्ट सांगून मुलांना आठवडाभर तिथेच सोडू नये. त्याच बैठकीत रविवार सकाळची रिकामी कबर, म्हणजे येशूचे पुन्हा उठणे, आलीच पाहिजे. नोहाच्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली, ती सांगते. एका पावसाळ्यात मी तारवाची, म्हणजे महापुरातून वाचण्यासाठी नोहाने बांधलेल्या जहाजाची, गोष्ट घेतली. तीनशे हात लांब तारू अंगणात दोरीने आखायला निघालो, दोरी फाटकाबाहेर गेली, प्राण्यांची सोंगे काढली, मुले फार खूश होती. एक मुलगी मात्र भिंतीशी बसून होती. तिच्या घरात त्याच आठवड्यात गुडघाभर पाणी शिरले होते. तिने विचारले, ‘बाकीची मुलं कुठे गेली?’ मी म्हणाले, आधी हत्ती कुठे बसेल ते बघू. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिने खरा प्रश्न विचारला होता आणि मी तो टाळला होता. पुढच्या रविवारी तिच्याजवळ बसून मी म्हणाले, की तू विचारलेस ते मलाही दुःख देते, आणि देवालाही त्या काळात फार दुःख झाले असे शास्त्र म्हणते. ती एवढेच म्हणाली, ‘अच्छा.’ त्यानंतर वर्षभरात ती हळूहळू सतरंजीच्या मधोमध येऊन बसू लागली. नोहाची गोष्ट मी सोडली नाही, पण ती आता मोठ्या वर्गाकडे दिली आहे.

मृत्यूविषयी मुले विचारतातच, आणि बहुधा तुमची तयारी नसते तेव्हाच विचारतात. घरी आजी वारलेली असते आणि मोठी माणसे ‘आजी झोपली’, ‘देवाने नेले’ असे सांगतात. ही दोन वाक्ये वर्गात वापरू नका. पहिल्याने मूल रात्री झोपायला घाबरते, आणि दुसऱ्याने देव घरातली माणसे पळवून नेणारा कोणी आहे असे त्याच्या मनात बसते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो, आपला मित्र लाजर झोपला आहे. शिष्य मोठी माणसे असूनही त्याचा शब्दशः अर्थ घेतात आणि म्हणतात, झोप लागली असेल तर बरा होईल. तेव्हा येशू उघड सांगतो, लाजर मेला आहे. आणि पुढे त्याच्या कबरेजवळ तो रडतो. मुलाला या क्रमानेच सांगावे: आजी मेली, तिचे शरीर आता काम करत नाही, आपल्याला रडू येते आणि येशूलाही आले होते, आणि आपला विश्वास आहे की ती देवाजवळ सुरक्षित आहे. यापुढे मूल विचारील तेवढेच सांगावे, आणि घरी आपण काय बोललो ते पालकांना कळवावे.

पाठांतराची वचने चालू ठेवा, चॉकलेट बंद करा. पण एका रविवारी अचानक बंद केले तर मुलांना ती शिक्षा वाटेल. म्हणून दोन महिने सर्वांनी मिळून वचन म्हटले की सर्वांना थोडा खाऊ, आणि नंतर तोही वर्गाचा नेहमीचा खाऊ म्हणून, वचनाशी न जोडता. ज्या घरात संध्याकाळी पाठ करून घेणारे कोणी नाही, त्या घरातले मूल दर आठवड्याला बक्षिसावाचून जाते. त्यात त्याचा काय दोष? वचन लहान निवडावे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढे चार शब्द महिनाभर पुरतात. पावसाळा सरल्यावर राजस्थानकडचे रेबारी मेंढपाळ आपले कळप घेऊन मालव्यात उतरतात. उज्जैन किंवा धारच्या रस्त्याने जाताना मुलांनी ते पाहिलेले असतात, शंभर मेंढरे म्हणजे केवढी हेही त्यांना माहीत असते. एकदा एका मुलाने सांगितले की त्या माणसाने नवे जन्मलेले कोकरू खांद्यावर घेतले होते. त्या दिवशी मेंढपाळाचे चित्र दाखवण्याची गरज उरली नाही. गाणीही अशीच जवळची घ्या. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) आपल्या मंडळींना अभंग-ओवीच्या वळणाची भजने दिली. त्या चालींवर टाळ्या वाजवत म्हणणे मुलांना यंत्रावरच्या इंग्रजी गाण्यांपेक्षा सोपे जाते, आणि घरी आजी त्यात आवाज मिसळू शकते.

न बसण्याविषयी फार काळजी करू नका. खुर्च्या काढून सतरंजी घाला, सुरुवातीची दहा मिनिटे हालचालीच्या गाण्यांना द्या, आणि गोष्टीनंतर हाताला काम द्या: माती, खडू, रंगीत कागदाचे कपटे. घरी नेण्याजोगी सुबक वस्तू तयार झालीच पाहिजे हा हट्ट सोडा. तो हट्ट धरला की ती वस्तू शेवटी शिक्षिकाच बनवते. जो मुलगा खरोखरच बसू शकत नाही त्याला दिवा लावणे, सतरंजी झटकणे, चटया मोजणे ही कामे कायमची नेमून द्या.

एका बाबतीत मात्र सवलत नको. वर्गात नेहमी दोन मोठी माणसे असावीत, दार उघडे असावे, मुलाला शौचालयात नेताना दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगून जावे, आणि मूल आणून सोडणाऱ्याच्याच हाती परत द्यावे. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीवाचून कोणालाही पाठवू नयेत. २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या) कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू हे गप्प राहण्याचे कारण होऊ शकत नाही. तसेच शेजारची इतर धर्मांची मुले खेळता खेळता वर्गात येऊन बसतात, त्यांना प्रेमाने वागवावे, पण त्याच दिवशी त्यांच्या आईवडिलांना भेटून सांगावे आणि त्यांनी लेखी होकार दिल्याशिवाय पुढच्या रविवारी बसवू नये. खाऊ-भेटवस्तूंचे आमिष तर कधीच नको. मध्य प्रदेशात जबरदस्तीने किंवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतराला बंदी करणारा २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, म्हणून हे करायचे असे नाही. दुसऱ्याच्या मुलावर त्याच्या आईवडिलांचा पहिला अधिकार आहे, हे कायद्याच्या आधीपासूनचे आहे.

नाताळच्या कार्यक्रमासाठी ऑक्टोबरपासून वर्ग बंद करून तालमी घेण्याची प्रथा तुमच्याकडेही असेल. मी शेवटची काही वर्षे बालवर्गाला लांब संवाद देणे सोडले. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली येशूच्या जन्माची गोष्ट तीन रविवार सांगायची, मुलांनी स्वतः ठरवायचे कोण मेंढपाळ आणि कोण मेंढरू, आणि त्या संध्याकाळी एका मोठ्या मुलीने शास्त्र वाचायचे व लहानांनी ते चालत-बोलत दाखवायचे. एका वर्षी चौदांपैकी नऊ जणांना मेंढरे व्हायचे होते. तशीच नऊ मेंढरे केली.

सुरुवात जक्कयापासूनच करा. आदल्या दिवशी उंबराची एक फांदी मिळाली तर आणा, फळे नसली तरी पाने चालतील. सतरंजी खोलीच्या मधोमध घाला, आणि मुले आत येताच त्यांना आधी ‘वर’ आणि ‘खाली’ खेळू द्या.